उभ्या इंजिनाचं दुखणं

गांधीबागेत ठोकानं कापड मिळतं. विदर्भातल्या कितीतरी लग्नांचा बस्ता इथेच बांधला जातो. गांधीपुतळ्याकडून आत शिरलं की इतवारीची लोहाओळी लागते, आणि तिथे खिळ्यापासून पहारीपर्यंत म्हणाल ते मिळतं. बोटीच्या इंजिनाला मात्र या बाजारात गिऱ्हाईक नाही. समुद्र शेकडो कोस दूर, आणि शहरातल्या तलावांना वल्हं पुरतं. तरीही नागपूरला इंजिनाची बोट लागते. वर्षातून एखाद्या रात्रीच लागते, पण त्या रात्री ती दोरीच्या पहिल्या दोन-चार हिसक्यांत सुरू व्हावी लागते.

२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट नागपूरकर विसरलेले नाहीत. मध्यरात्रीनंतरच्या काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळला. अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदी अंबाझरी ले-आउट, डागा ले-आउट, कॉर्पोरेशन कॉलनी अशा वस्त्यांमध्ये घुसली. मोरभवन स्थानकात एसटीच्या गाड्या पाण्यात अडकल्या. मूकबधिर शाळेतल्या सुमारे ४० मुलांना पाण्यातून सुखरूप बाहेर काढावं लागलं. राज्य आणि राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलांची पथकं, अग्निशमन दल, लष्कर असे सगळे त्या दिवशी रस्त्यावर, म्हणजे पाण्यात होते.

हीच नाग नदी पुढे महाल भागाच्या अंगानं वाहत जाते. गांधीबागेपासून जवळच असलेला गांधीसागर, जुन्या लोकांचा शुक्रवारी किंवा जुम्मा तलाव, हा गोंड राजा चांद सुलतानच्या काळातला. या साऱ्या मुलखाचं पाणी नाग नदीतून कन्हानला, कन्हानमधून वैनगंगेला आणि अखेर गोसेखुर्दच्या धरणात पोचतं. २०२० च्या ऑगस्टअखेरीस त्या धरणाचे सगळे ३३ दरवाजे उघडावे लागले आणि भंडारा, चंद्रपूर, गडचिरोलीतल्या गावांना वैनगंगेनं वेढलं. रस्त्यावरचं गुडघाभर पाणी वल्ह्यानं कापता येतं. तिथे मोटरीचा पंखा फिरवणं उलट धोक्याचंच असतं, कारण खाली दुचाकी, जाळ्या, तारा आणि माणसांचे पाय असतात. फुगलेल्या वैनगंगेच्या धारेत मात्र वल्हं काही कामाचं नाही. तिथे मोटर हवी, आणि ती चालू राहायला हवी.

बोटीच्या मागच्या फळीला अडकवायची ही मोटर म्हणजे आउटबोर्ड मोटर. बचाव पथकांत तिला सगळे ‘ओबीएम’ म्हणतात. वर इंजिन, मधून खाली उतरणारा उभा दांडा, तळाशी गिअरपेटी आणि पंखा. नॉर्वेत जन्मलेल्या आणि अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये वाढलेल्या ओले एव्हिनरूडनं १९०९ मध्ये अशी मोटर बाजारात आणली, आणि आजही तिची ठेवण पाहिली की घराणं ओळखू येतं. आपल्याकडे अशा कामाच्या जुन्या मोटरी बहुतेक टू-स्ट्रोक आहेत. वजनाला हलक्या, आत झडपांचा पसारा नाही, दोघांनी उचलून ट्रकमध्ये टाकाव्यात आणि नदीकाठी उतरवून घ्याव्यात.

कोकणातल्या मच्छीमाराची मोटर हंगामात जवळपास रोज पाण्यात असते. तिला खारं पाणी खातं. नागपूरच्या मोटरीला खाऱ्या पाण्याचं भय नाही. तिला खातं ते उभं राहणं. जुनी ओबीएम ऐन वेळी दगा देते तेव्हा लोक पिस्टनला, कंपनीला, नाहीतर तिच्या वयाला दोष देतात. उघडून पाहिलं तर लोखंड बहुधा ठणठणीत असतं. बिघडलेलं असतं ते तिच्यात ओतलेलं पेट्रोल आणि ऑइल, आणि तेही चालून बिघडलेलं नसतं, महिनोन्महिने पडून बिघडलेलं असतं. म्हणून हा आजार दुरुस्तीवाल्याच्या बाकड्यावर दिसत असला तरी तो लागतो गोदामात.

सगळ्यात नेहमीची तक्रार अशी: मोटर सुरू होते, दोन-तीन मिनिटं झकास चालते, मग घुटते आणि बंद पडते. पुन्हा दोरी ओढा, पुन्हा तेच. ही दोन-तीन मिनिटंच निदान सांगून जातात. कार्बोरेटरच्या वाटीत आणि नळीत होतं तेवढं पेट्रोल जळलं, मागून नवं आलं नाही. म्हणजे ठिणगी आहे, दाब आहे, वाट अडली आहे ती इंधनाची. अशा वेळी इंजिनाला पाना लावण्याआधी टाकीच्या झाकणाकडे पाहावं. झाकणावर हवेचा एक छोटा स्क्रू असतो. वाहतुकीत पेट्रोल सांडू नये म्हणून तो आवळतात आणि नदीवर पोचल्यावर सोडायला विसरतात. पेट्रोल बाहेर जातं, हवा आत येत नाही, टाकीत निर्वात पोकळी होते आणि पंप हतबल होतो. झाकण सैल केल्यावर फुस्स आवाज झाला की दुखणं सापडलं. त्याला पैसा लागत नाही, पानाही लागत नाही. पण भोवऱ्यात सापडलेल्या बोटीवर हे कोणाला आठवलं नाही तर त्याची किंमत मोजता येणार नाही.

नागपूरच्या उन्हाळ्यात याच स्क्रूची दुसरी बाजू दिसते. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. पत्र्याच्या छपराखाली ठेवलेली प्लास्टिकची टाकी, स्क्रू घट्ट आवळलेला आणि नळी मोटरीला जोडलेलीच. आतल्या वाफेनं टाकी फुगते आणि पेट्रोल दाबानं कार्बोरेटरमध्ये घुसतं, सुईझडपेला न जुमानता इंजिनात उतरतं. मग मोटर सुरूच होत नाही. प्लग काढला तर ओलाचिंब, खाली पेट्रोलचा वास. अनेकजण अशा वेळी चोक ओढून आणखी पेट्रोल पाजतात. करायचं ते उलट आहे. नळी काढायची, प्लग काढायचे, प्लगच्या तारा इंजिनाच्या लोखंडाला टेकवायच्या, आजूबाजूला पेट्रोलची वाफ उरलेली नाही याची खात्री करायची आणि थ्रॉटल उघडा ठेवून दोरी काही वेळा ओढून आतलं पेट्रोल बाहेर फेकू द्यायचं. प्लग पुसून कोरडे करून बसवले की बहुतेकदा मोटर धडधडते. आणि मोटर ठेवून देताना टाकीची नळी काढलेली असावी, ही सवय एकदा लागली की अर्धे प्रश्न उद्भवतच नाहीत.

टाकी आणि मोटर यांच्यामध्ये नळीत एक रबरी फुगा असतो, हातानं दाबायचा. त्याच्यावरचा बाण मोटरीकडे असायला हवा. इतका साधा, पण निदानाच्या दृष्टीनं फार बोलका. सुरुवातीला दाबून दाबून तो कडक झाला पाहिजे. कितीही दाबला तरी मऊच राहिला तर नळी कुठेतरी हवा ओढते आहे, किंवा फुग्यातली झडप गेली आहे, किंवा वाटीची सुईझडप बंद न होता पेट्रोल पुढे वाहून चाललं आहे. मोटर चालू असताना फुगा आत चिपकून सपाट झाला तर टाकीच्या बाजूला अडथळा आहे: तोच हवेचा स्क्रू, नाहीतर टाकीतल्या शोषनळीची जाळी कचऱ्यानं भरलेली. मोटर घुटू लागली असताना फुगा दाबला आणि ती पुन्हा सावरली, तर मोटरीवरच्या पेट्रोलपंपाचा पडदा तपासायला घ्यावा. हा पडदा इंजिनाच्या पेटीतल्या दाबाच्या चढउतारानं हलतो. तो फाटला की कधी पेट्रोल पुरेसं येत नाही, आणि कधी त्याच फटीतून थेट इंजिनात शिरून प्लग काळेकुट्ट करतं. एकाच भोकानं उपासमारही होते आणि अजीर्णही, म्हणून नवशिके इथे चकतात.

वाट मोकळी असूनही मोटर हळू गतीवर टिकत नसेल, फक्त जोरात ठेवली तरच चालत असेल, तर कार्बोरेटर उघडावा लागतो. पडून राहिलेल्या पेट्रोलमधला हलका, लवकर पेट घेणारा भाग उडून जातो आणि मागे उरतो तो चिकट, पिवळसर थर. वासावरूनही कळतं. ताज्या पेट्रोलचा झणझणीत वास जाऊन जुन्या वॉर्निशसारखा आंबूस वास येतो. हा थर सर्वांत आधी बंद करतो ते हळू गतीचं जेट, कारण त्याचं भोक सर्वांत बारीक. इथेच जाणता मिस्त्री हाताखालच्या पोराला बजावतो, ‘जेटात तार नको घालू बे.’ जेट पितळेचं, मऊ. तारेनं भोक साफ होतं तसं मोठंही होतं, आणि भोक मोठं झालं की पेट्रोलचं माप कायमचं चुकतं. कार्बोरेटर क्लिनरमध्ये भिजवायचं, हवेच्या दाबानं फुंकायचं, डोळ्यासमोर धरून आरपार उजेड दिसतो का ते पाहायचं. लूना आणि राजदूतच्या काळात हात बसलेल्या मिस्त्रींना हे शिकवावं लागत नाही. त्या गाड्या रस्त्यावरून गेल्या तशी ती बोटांतली जाणही जात चालली आहे, आणि याची काळजी वाटते, कारण नव्या पिढीच्या हाताखाली येणाऱ्या गाड्यांत कार्बोरेटर नाही.

गेल्या काही वर्षांत या जुन्या दुखण्यात नवी भर पडली आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये देशात २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल विक्रीला आलं आणि २०२५ पर्यंत ते जवळपास सगळीकडे पोचलं. इथेनॉलमागे ऊस उत्पादकांचं, परकीय चलनाचं, हवेचं असं मोठं गणित आहे. त्यावर इथे वाद घालायचा नाही. पण ज्या मोटरी या पेट्रोलचा विचार होण्याआधी घडल्या, त्यांच्या पोटात ते काय करतं हे मोटर सांभाळणाऱ्याला ठाऊक असलंच पाहिजे. जुन्या रबराच्या नळ्या, पंपाचे पडदे, वॉशर यांना इथेनॉल फुगवतं किंवा मऊ पाडतं. आतून सुटलेले रबराचे कण जेटात जाऊन बसतात. फार जुन्या मोटरींच्या कार्बोरेटरमध्ये बुचाच्या लाकडाचा तरंगता फ्लोट असतो, आणि त्यावर लाखेचं रोगण. इथेनॉल ते रोगण विरघळवतं, बूच पेट्रोल पितं, जड होतं आणि वाटी भरून वाहू लागते.

सर्वांत गंभीर भाग पाण्याचा. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. मेच्या कोरड्या उन्हानंतर जूनमध्ये विदर्भाची हवा एकदम दमट होते. अर्धवट भरलेल्या टाकीत वरच्या मोकळ्या जागेतली हवा रोज तापते, निवते आणि ओल सोडत जाते. काही मर्यादेपर्यंत पाणी विरघळलेलं राहतं. ती ओलांडली की पाणी आणि इथेनॉल मिळून वेगळा थर होतो आणि तळाशी बसतो. शोषनळीचं तोंडही तळाशीच. आता टू-स्ट्रोकची गोष्ट लक्षात घ्या: तिचं ऑइल पेट्रोलमध्ये मिसळलेलं असतं आणि थर वेगळे झाले की ते वरच्या पेट्रोलसोबत राहतं. म्हणजे मोटर आधी ओढते तो पाण्याचा थर नुसता न पेटणाराच नसतो, तो ऑइलविरहितही असतो. धडपडत का होईना मोटर चालली तरी बेअरिंगं आणि सिलिंडर कोरडे घासले जातात. याची तपासणी फार सोपी आहे. टाकीच्या तळातलं थोडं पेट्रोल पारदर्शक काचेच्या बाटलीत घ्या, थोडा वेळ हलवू नका. खाली वेगळी रेघ दिसली तर टाकी पूर्ण रिकामी करा. त्यात ताजं पेट्रोल ओतून ‘भागवून’ नेऊ नका.

ऑइलकडे वळू. नागपुरातल्या पन्नाशीच्या माणसाला पेट्रोलपंपावरचं ते दृश्य आठवत असेल: चेतक किंवा लूना उभी करायची, पेट्रोल सांगायचं आणि सोबत टू-टी ऑइल. त्या वेळी टू-टी शब्द घरोघरी होता. तत्त्व ओबीएममध्येही तेच आहे. टू-स्ट्रोक इंजिनात ऑइलची वेगळी विहीर नसते. पेट्रोल, हवा आणि ऑइल यांचं मिश्रण आधी क्रँकच्या पेटीतून जातं, तिथल्या बेअरिंगांना माखतं, मग वर जाऊन जळतं. जे मिसळलं तेवढंच मिळालं.

प्रमाणाचं गणित असं. अनेक मोटरींना ५०:१ लागतं, म्हणजे एका लिटरला २० मिलिलिटर. २५ लिटरच्या टाकीला अर्धा लिटर. जुन्या, साध्या बुशांवर फिरणाऱ्या मोटरींना २५:१ च्या आसपास, म्हणजे दुप्पट. काही मोटरी १००:१ वरही चालतात. मोटरीचं पुस्तक किंवा तिच्या अंगावरची पाटी हाच अंतिम शब्द. अंदाज चालत नाही, आणि दोन्ही बाजूंनी चालत नाही. ऑइल कमी पडलं तर पिस्टन सिलिंडरला घासून जाम होतो, हे सगळ्यांना कळतं. ऑइल जास्त झालं तर काही बिघडत नाही, उलट बरंच, असा एक भ्रम आहे. जास्त ऑइलनं प्लग काळे पडून विझतात, धूर होतो. आणि ऑइल वाढलं की तेवढ्याच मापात पेट्रोल कमी येतं, मिश्रण पातळ होतं आणि पिस्टन अधिक तापतो. ऑइल आणि पेट्रोल नळीतच एकत्र करणारी वेगळी यंत्रणा काही मोटरींवर असते. ती जुनी झाली, तिच्या नळीत हवा शिरली किंवा तिची इशारा देणारी तार तुटली, तर मोटर कळू न देता कोरडी चालते. अशा मोटरीच्या ऑइलच्या टाकीवर खूण करून ऑइल खरंच उतरतं आहे का, हे दर वेळी पाहावं.

कोणतं टू-टी, हा प्रश्नही टाळता येत नाही. स्कूटरचं ऑइल हवेनं थंड होणाऱ्या, खूप तापणाऱ्या इंजिनासाठी असतं आणि त्यात जळल्यावर राख उरणारी द्रव्यं असू शकतात. ओबीएम नदीच्या पाण्यानं थंड होते, म्हणून तिचा सिलिंडर तुलनेनं गार राहतो, पण ती तासन्‌तास जवळजवळ पूर्ण जोरात चालते. तिच्यासाठी राख न ठेवणारं वेगळं ऑइल असतं. डब्यावर ‘टीसी-डब्ल्यू३’ असा शिक्का पाहायचा. पुराच्या रात्री ते मिळालं नाही तर स्कूटरच्या ऑइलवर माणसं वाचवायलाच हवीत, त्यात शंका नाही. पण ती रोजची सवय झाली तर पिस्टनच्या रिंगा राखेनं चिकटतात आणि दाब पडतो.

प्लग काढून पाहणं म्हणजे इंजिनाची नाडी पाहणं. फिका तपकिरी रंग चांगला. ओला काळा म्हणजे पेट्रोल किंवा ऑइल जास्त, नाहीतर ठिणगी कमजोर. पांढराफटक म्हणजे मिश्रण पातळ, कुठेतरी हवा शिरते आहे किंवा जेट अर्धं बंद आहे, आणि हे सर्वांत आधी थांबवायचं. दोन सिलिंडरांच्या मोटरीत एक प्लग छान आणि दुसरा वेगळा दिसला तर टाकीतल्या पेट्रोलला दोष देऊ नये, कारण टाकी दोघांची एकच आहे. तेव्हा त्या एकाच सिलिंडरचा कार्बोरेटर, ठिणगी किंवा दाब पाहायचा.

आणखी एक ऑइल आहे, आणि त्याच्याकडे कोणाचं लक्ष नसतं. पंख्याच्या वर, तळाच्या गिअरपेटीतलं. इथे गांधीबागेचा संबंध अगदी थेट येतो. पावसाच्या पाण्यात नाल्यांमधून काय वाहत येतं ते पाहा: पॉलिथिन, नायलॉनच्या दोऱ्या, कापडाच्या चिंध्या. यातली एखादी दोरी पंख्यामागच्या दांड्याला गुंडाळली की फिरता फिरता तिथल्या रबरी सीलला कापते. सीलमधून पाणी आत आणि ऑइल बाहेर. वरून काहीही कळत नाही, मोटर चालतच राहते. म्हणून प्रत्येक मोहिमेनंतर पंखा उतरवून मागचा दोरा-चिंधी काढायला हवी. खालचा स्क्रू सोडून ऑइलचे चार थेंब बोटावर घ्यायचे. काळपट पण स्वच्छ असेल तर ठीक. दुधाळ असेल तर पाणी शिरलं आहे, सील बदलल्याशिवाय ती मोटर पाण्यात जाऊ नये. नवं ऑइल भरताना खालच्या भोकातून भरायचं, वरच्या भोकातून बाहेर येईपर्यंत. वरून ओतलं की आत हवा अडकते आणि पेटी भरली असं नुसतं वाटतं. दोन्ही स्क्रूंचे वॉशर दर वेळी नवे. सीलच्या आकड्यावरून बाजारात तेच माप शोधता येतं, आणि त्यासाठी जुना सील सोबत घेऊन दुकानात जाणं केव्हाही बरं.

फोर-स्ट्रोक ओबीएमही आता पथकांत येत आहेत. त्यांना टाकीत ऑइल मिसळायचं नसतं, पण त्यांची स्वतःची दुखणी आहेत. थंड इंजिन नुसतं हळू गतीवर बराच वेळ ठेवलं की न जळलेलं पेट्रोल खाली ऑइलमध्ये उतरतं, पातळी वाढलेली दिसते आणि कांडीला पेट्रोलचा वास येतो. पातळी वाढली म्हणून खूश होऊ नये, ते ऑइल पातळ झालेलं असतं. ट्रकमध्ये आडवी ठेवताना कोणती बाजू खाली हे मोटरीवर दाखवलेलं असतं. चुकीच्या कुशीवर निजवली तर ऑइल सिलिंडरमध्ये जातं आणि नदीकाठी दोरी हलत नाही.

पावसाळ्याआधी आपत्ती पथकांची तालीम होते, बोटी तलावात उतरतात. तालीम व्हायलाच हवी. पण खरा धोका तालीम संपल्यानंतर सुरू होतो, जेव्हा उरलेलं पेट्रोल टाकीतच राहतं आणि मोटर गोदामात परत जाते. माझं म्हणणं इतकंच आहे की तालीम संपल्याच्या संध्याकाळी अर्धा तास आणखी द्यावा. मोटर पाण्याच्या मोठ्या ड्रममध्ये उभी करायची. कोरडी कधीच सुरू करायची नाही, कारण पाणी ओढणारा रबरी पंप थोड्याच वेळात जळतो. नळी काढून वाटीतलं पेट्रोल संपेपर्यंत ती चालू द्यायची. तरी वाटीच्या तळाशी थोडं राहतंच, ते खालच्या स्क्रूनं काढायचं. प्लगच्या भोकातून थोडं ऑइल सोडून दोरी हळू ओढायची. टाकी रिकामी करायची, आणि ते पेट्रोल, त्यातल्या टू-टीसकट, लगेच ज्याला चालेल अशा दुसऱ्या टू-स्ट्रोक यंत्रात संपवायचं. पावसाळ्याच्या चार महिन्यांत दर पंधरवड्याला मोटर ड्रममध्ये काही मिनिटं चालवायची. हा वेळ आणि हे पेट्रोल वाया जातं असं हिशेबनिसाला वाटेल. त्यानं एकदा वैनगंगेच्या पुरात बंद पडलेल्या मोटरीची दोरी ओढून पाहावी.

बदल्या होतात, माणसं जातात. ज्याला त्या मोटरीची खोड माहीत होती तो दुसऱ्या जिल्ह्यात गेलेला असतो. म्हणून प्रत्येक मोटरीची एक वही असावी, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तिच्या खोक्यातच ठेवलेली. त्यात मिश्रणाचं प्रमाण, प्लगचा नंबर, गिअर ऑइल शेवटचं कधी बदललं आणि कोणत्या रंगाचं निघालं, पंपाचा पडदा कधी नवा घातला. आणि टाकीवर खडूनं किंवा मार्करनं मोठ्या अक्षरांत पेट्रोल भरल्याची तारीख. ती तारीख दोन महिन्यांहून जुनी दिसली, तर ज्या कोणाच्या हाती ती टाकी येईल त्यानं परवानगीची वाट न पाहता ती रिकामी करावी, एवढा अधिकार त्या वहीच्या पहिल्याच पानावर लिहिलेला असावा.